उगवतीच्या बाजूचा क्लॅम्प

मॅक्रो फोटोग्राफीचं खूळ डोक्यात शिरलं की माणूस कॅमेऱ्यापेक्षा चिमट्यांवर जास्त जीव टाकतो. वर्षभर मला एकच फोटो हवा होता: दवानं भिजून उसाच्या पात्यावर झोपलेली टाचणी, म्हणजे चतुराची बारकी बहीण. त्यासाठी फोकस केसभर पुढे सरकवत चाळीस फोटो काढायचे आणि घरी संगणकावर एकात एक बसवायचे. मधेच पातं हललं की सगळं मुसळ केरात. म्हणून नवा क्लॅम्प जोडीनं घेतला. एका टोकाचा जबडा उसाला धरतो, दुसऱ्या टोकाचा चिमटा पात्याला. "धरला की धरला," दुकानदार म्हणाला होता.

ऑफिसातली उज्ज्वला म्हणाली, "आमच्या उसात जा. पण लवकर, तोडणी चालू आहे."

शुक्रवारी दुपारी पुण्याहून निघाले. सासवड, जेजुरी, मोरगाव करत बारामती, निवांत तीन तास. मोरगावला चहा घ्या. पुढे उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलात तर तोच कामाला येतो. उज्ज्वलाच्या वडिलांचा, तात्यांचा, मळा माळेगावच्या पुढे आहे. संध्याकाळी पिठलं-भाकरी वाढून झाल्यावर तात्या म्हणाले, "एवढाच तुकडा उरलाय. सगळ्या रानातलं जनावर आता त्यात गोळा झालं आसंल. तीन बाजूंनी तोडायचं, उगवतीची बाजू मोकळी सोडायची."

"ती का?"

"ज्याला जायाचं त्याला वाट नगं?"

ससे असतील, मुंगसं असतील, असं मला वाटलं. उगवतीला उजेड छान मिळणार, एवढंच मी त्यातून घेतलं. अक्कल गहाण टाकणं म्हणतात ते हेच.

उजाडताना उगवतीच्या कडेनं दोन हात आत शिरले आणि, अहाहा, टाचणी! पंखांवर दवाचे मणी, गाढ झोपलेली. ऊन चढेपर्यंतच ती थांबणार. बुटका ट्रायपॉड सरीत रोवला, जबडा उसाला आवळला. वारा अजिबात नव्हता. पहिले नऊ फोटो ठणठणीत आले.

दहाव्यापासून पातं हलायला लागलं. किंचित वर, किंचित खाली. स्क्रू आवळला. तेच. दुसरा क्लॅम्प खालच्या जाड कांड्यावर लावला. तरी तेच, सावकाश वर, सावकाश खाली. मी दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि बटण दाबत राहिले. आजूबाजूला एक पाखरू बोलत नव्हतं. मानेवर काटा आला तो मी थंडीच्या खात्यावर टाकला.

तेवढ्यात बांधावरून तात्यांची हाक आली. "पोरी! भायेर ये. पळू नगं. मागं मागं ये."

आणि पातं थांबलं. एकदम, जसं काही कुणी हातानं धरलं.

"थांबा तात्या, आत्ताच स्थिर झालंय!" मी हावरटासारखे उरलेले दहा फोटो काढून घेतले.

"फोटू ऱ्हाऊ दे! बगळं बघ. तिन्ही बाजूंना तोडणीच्या टोळीमागं किडं खायला बसल्यात. तुझ्या बाजूला एक बी न्हाय."

त्यांचा आवाज ऐकून मी निमूट ट्रायपॉड उचलला, हाताला आला तो एक क्लॅम्प सोडवला आणि मागं मागं आले. दुसरा आतच राहिला. तात्यांनी कारण सांगितलं नाही. "आता इंदापूरला जा. माळरान बघ," म्हणत गाडीत बसवलं. मी वाटभर फुगून होते.

इंदापूरच्या माळावर बिस्किटासारखी पिवळी गवतं आहेत. जाल तर पहाटेच जा आणि शेकोटीवरचा हुरडा चुकवू नका. रविवारी उजाडताना तोच वाचलेला क्लॅम्प बाभळीच्या फांदीला लावला. वारा चांगलाच होता, तरी चिमट्यातली काडी तसूभर हलली नाही. चाळीसच्या चाळीस फोटो लख्ख आले. मी क्लॅम्पकडे बघतच राहिले. मग उसात काय हलत होतं?

फोन वाजला. तात्या होते.

"तुझा चिमटा घावला. काल सांजच्यालाच घावला, पर सांगितलं आसतं तर तू झोपली नसतीस. टोळीनं डबं वाजिवलं, तशी बिबट्याची मादी उगवतीनंच निघाली, पिल्लू तोंडात धरून. तुझ्या चिमट्याच्या उसालाच टेकून बसली हुती गं. पाचट दाबल्याली हाय तितं, अजून गरम लागत हुती."

हातातला हुरडा तसाच राहिला. भीती मला तेव्हा वाटली, चोवीस तास उशिरा.

क्लॅम्प विचाराल तर रबरी जबड्याचा आणि स्क्रूनं आवळणारा घ्या, स्प्रिंगचा नको. माझा उत्तम आहे. दुकानदाराची मी मनोमन माफी मागितली.

घरी आल्यावर उसातले चाळीस फोटो भराभर पुढे सरकवले. दहा ते तीस, पातं वर, खाली, वर, खाली. सावकाश, एका लयीत. मी छातीवर हात ठेवून बघितलं. माझा श्वास इतका संथ कधीच नसतो. एकतीसपासून शेवटापर्यंत पातं गप्प. त्या दहांवरून जुळवलेली टाचणी मी आजवर काढलेला सर्वांत स्वच्छ फोटो आहे. तो इथे टाकलेला नाही. तात्यांनी हाक मारल्यावर मी दहा फोटो काढले, आणि ते दहाही फोटो होईपर्यंत त्या मादीनं श्वास रोखून धरला होता.