मागून येणारी हाक

उल्हासनगरात काय बनत नाही ते विचारू नका. एस.टी.ने मोडीत काढलेली एक बस कॅम्प एकच्या बॉडीवाल्याकडे गेली आणि दवाखाना होऊन बाहेर आली. पुढे डॉक्टरबाईंचं टेबल आणि तपासणीचा बाक, मध्ये पडदा, मागे दोन पलंग, छोटी मोरी, स्टोव्हचा ओटा आणि टपावर पाण्याची टाकी. हुंदराज शेठच्या ट्रस्टची ती गाडी. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी साल असेल. आठवडा-आठवडा ती बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या अंगाला, कुठल्यातरी गावच्या मैदानात मुक्काम ठोकायची आणि लोकांचे डोळे तपासायची. शेठ तिला डोळ्यांची गाडी म्हणायचा, गावातले लोक फिरतं घर म्हणायचे.

ह्या घराच्या मागे शेठची जुनी फियाट जोडलेली असायची. कारण सोपं होतं. बस पाड्यापाड्यावर शिरत नाही, म्हाताऱ्यांना आणायला-पोचवायला लहान गाडी हवी, आणि दोन गाड्यांना ड्रायव्हर एकच. तो म्हणजे धोंडिबा. मग बॉडीवाल्यानेच एक त्रिकोणी लोखंडी दांडा बनवून फियाटच्या तोंडाला बसवला. त्याचं टोक बसच्या मागच्या कड्यात घालायचं, वरून अंगठ्याएवढी पिन टाकायची, आधाराला साखळी लावायची, फियाट न्यूट्रल करायची आणि चालू लागायचं. मुक्कामाला पोचलं की उलटं. चाकाखाली दगड आधी, पिन नंतर. हे चुकलं की फियाट आपली आपण ओढ्यात जाणार, कारण तिचा हँडब्रेक फक्त दाखवायला होता.

अंबरनाथच्या नाक्यावर ही वरात निघाली की रिक्षावाल्यांना चेव यायचा. "काय धोंडिबाकाका, आज पण टोचन? फियाट बंद पडली काय?"

"बंद नाय पडली. मालकीण आहे ती, बसून जाते," धोंडिबा म्हणायचा. रिक्षावाल्यांचा प्रश्न त्याला ऐकू आलेला नसायचाच. पण प्रश्न रोजचाच, आणि समोरच्याचे दात दिसले की उत्तर कुठलं द्यायचं हे ठरलेलं होतं.

हो, धोंडिबाला ऐकू येत नव्हतं. पार ठार बहिरा नव्हता, पण डावा कान गेलेला आणि उजवा जाण्याच्या वाटेवर. तरुणपणी अंबरनाथच्या एका कारखान्यात प्रेसच्या धडाडधूममध्ये वर्षं काढली, पुढे तिथल्याच ट्रकवर चढला, कारखाना बंद पडला तेव्हा शेठच्या बसवर आला. कान मात्र मागे कारखान्यातच राहिले. ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती. डॉक्टरबाईंना नाही, विहारातल्या मित्रमंडळींना नाही, बायकोलासुद्धा नाही. शेठला कळलं तर चावी जाणार. आणि चावी गेली की धोंडिबा कोण? वस्तीतला नुसता एक म्हातारा. वस्तीतला पहिला हेवी लायसनवाला होता तो, जयंतीच्या मिरवणुकीचा ट्रक दर साली त्याच्या हातात असायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून त्याने मूठ झाकून ठेवली होती. निदान त्याचा तसा समज होता.

त्याची बायको भागीरथी त्याच बसवर होती. स्वयंपाक करायची, रुग्णांच्या डोळ्यांत थेंब टाकायची, घाबरलेल्या म्हाताऱ्यांचे हात धरून बसायची. डॉक्टर पद्मजाबाई म्हणायच्या, भागीरथीबाई नसत्या तर निम्म्या बायका बसची पायरी चढल्या नसत्या. तिलाही ते काम जिवापाड आवडायचं. घरी चार भिंतींत बसून तिने काय केलं असतं?

गाडी जोडताना तिचं आणखी एक काम होतं. फियाट दगड लावून उभी करायची, धोंडिबा बस मागे आणायचा, आणि भागीरथी दोघींच्या मधे उभी राहून दांड्याचं टोक धरून हाका द्यायची. येऊ द्या, येऊ द्या, थोडं उजवीकडे, थांबा. ती धोंडिबाला आरशात कोपऱ्यात दिसायची. ती हात हलवायची, त्यावर त्याचं चालायचं. वर हा तिलाच बोलायचा. "काय खुळ्यागत हात हलवते? नीट सांग की तोंडाने." सगळ्या मैदानासमोर बोलायचा. लोक हसायचे. नवरा-बायकोचं गाडी जोडताना भांडण म्हणजे गावाला फुकटचा तमाशाच.

आणि चारचौघांत त्याची एक ठरलेली तक्रार होती. "आमची ही एक गोष्ट दोनदा बोलते. बाईंनी सांगितलं उद्या आठला निघू, की ही पुन्हा मला येऊन सांगणार, अहो, बाई म्हणतात उद्या आठला निघू. मी काय बहिरा आहे?" असं म्हणून तो स्वतःच हसायचा. माणसाने किती आंधळं असावं? आणि तेही डोळ्यांच्या गाडीवर राहून.

एकदा एका गावातल्या शिबिराचा शेवटचा दिवस होता. दुपारी गावात जेवण होतं, म्हणून शेठ स्वतः पाहुणे घेऊन आला होता. नवी पांढरी गाडी, तिच्यावर नाथा ड्रायव्हर. ऑपरेशन करून आणलेल्या म्हाताऱ्या हिरव्या पट्ट्या बांधून चिंचेखाली बसल्या होत्या. शेठला हौस आली. पाहुण्यांना म्हणाला, "देखो, हमारी गाडी कैसे जुडती है." धोंडिबाने टोपी सारखी केली आणि बसवर चढला. पाहुणे बघतायत म्हटल्यावर एरवीपेक्षा जरा झोकातच मागे घेतली.

दांड्याचं टोक कड्याला लागलं नाही, बाजूला सरकलं. भागीरथीने दोन्ही हातांनी दांडा धरला होता, म्हणून आरशात हात हलताना दिसला नाही. ती ओरडली. बस येतच राहिली. काच फुटल्याचा हादरा सीटमधून पाठीला कळला तेव्हा धोंडिबाचा पाय ब्रेकवर गेला.

खाली उतरून बघतो तर फियाटची जाळी आत गेलेली, एक दिवा फुटलेला. भागीरथी बाजूला उभी, उजवा हात पदराखाली.

धोंडिबाने काय करावं? विचारावं, लागलं का तुला? नाही. पाहुण्यांकडे एक नजर टाकली आणि बायकोवर तुटून पडला. "तोंड शिवलं होतं काय तुझं? थांबा म्हणायला काय झालं होतं? बघ काय करून ठेवलंस ते." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

 चिंचेखालच्या बायका, पाण्याच्या घागरी घेऊन थांबलेली माणसं, पाहुणे, नाथा, सगळे भागीरथीकडे बघत होते. तिने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग धोंडिबाच्या अगदी समोर आली, त्याला ओठ दिसतील अशी उभी राहिली आणि स्वच्छ म्हणाली, "चुकलं माझं. मी थांबा म्हटलंच नाही."

 एका माणसाने मान खाली घातली, नाथा दुसरीकडे बघायला लागला. धोंडिबाला वाटलं, आपल्या रागाचा दरारा आहे.

शेठ मात्र पाहुण्यांना उभं करून मधेच जेवणाच्या मांडवाकडे गेला होता, तिथल्या भांड्यांच्या गोंगाटात त्याला काही ऐकू आलं नव्हतं. कुणीतरी सांगितल्यावर आला, चूक बाईची म्हणून ऐकलं आणि जाळी बघून कपाळावर हात मारला. "अडे बाबा, ये औरतों का काम है क्या? कल से बाई को घर बिठाओ. दूसरी बाई देखेंगे." धोंडिबाला हे शब्द कळले नाहीत, पण डॉक्टरबाईंचा चेहरा उतरलेला दिसला. मग भागीरथीनेच जवळ येऊन सवयीप्रमाणे सांगितलं, "अहो, शेठ म्हणतात मी उद्यापासून घरी राहायचं." जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगत होती. धोंडिबा म्हणाला, "बघू." म्हणाला, पण त्याला हायसं वाटलं. चावी शाबूत होती. पुढे कित्येक वर्षं त्याला त्या हायसं वाटण्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटायची.

डॉक्टरबाईंनी भागीरथीचा पदर बाजूला केला तेव्हा दोन बोटं काळीनिळी पडलेली होती. त्यांनी तिला बसमध्ये नेलं.

जेवणाआधी धोंडिबा म्हाताऱ्यांना पाणी वाढत होता. सखू नावाची एक म्हातारी होती, धरणाजवळच्या पाड्यावरची. त्यानेच तिला फियाटमधून ऑपरेशनला नेलं होतं आणि आणलं होतं. एका डोळ्यावर हिरवी पट्टी. तिने त्याचं मनगट धरून खाली ओढलं, उजव्या कानाजवळ तोंड आणलं आणि म्हणाली, "डोल्यावर पट्टी हाय माज्या, कानावर नाय. बोंब मारली तिनी, पार वेशीपर्यंत गेली. तुला कशी नाय आयकू आली रं?"

धोंडिबाच्या हातातली कळशी कलंडली. सगळं पाणी सखूच्या पायावर.

मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. म्हणजे सगळ्यांनी ऐकलं होतं. सगळ्या मैदानाने तिची हाक ऐकली, मग त्याच्या शिव्या ऐकल्या, मग तिचं खोटं ऐकलं, आणि त्या खोट्यापुढे सगळे गप्प बसले. ठाऊक नव्हतं ते एकट्या त्यालाच. आणि एकदा धागा हाताला लागल्यावर बाकीचं आपोआप उसवत गेलं. इतर बायका नवऱ्याला "अहो ऐकलं का" म्हणून हाक मारतात, हीही मारायची. मग कधी बंद झाली? आता ती नेहमी बाहीला हात लावते आणि मग बोलते. नेहमी उजवीकडेच बसते. एक गोष्ट दोनदा बोलते. दोनदा कसली, त्याच्यासाठी ती पहिल्यांदाच असायची. आणि तो तिची चारचौघांत टिंगल करायचा.

बसच्या मागे ओट्यापाशी ती डाव्या हाताने भांडी आवरत होती. उजव्या हाताला मनगटापर्यंत पांढरं बँडेज. तो समोर जाऊन उभा राहिला. 

"तुला कधीपासून ठाऊक आहे?"

"कारखान्यात होतात तेव्हापासून," ती म्हणाली. "बाळाच्या रडण्याला जागे होईनात तुम्ही. आधी वाटलं, नाटक करताय."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही झाकत होतात. मी कशाला उघडं करू?" तिने पातेलं पालथं घातलं. "ट्रक चालवत होतात, पोरं जेवत होती. मी म्हटलं, मी आहे ना मागे."

मी आहे ना मागे.  रस्त्यावर मागून येणारे किती भोंगे त्याने ऐकले नसतील, रिव्हर्सला किती लेकरं चाकामागे आली असतील आणि कुणी ओढून घेतली असतील, देव जाणे. इतकी वर्षं आपण सराईत ड्रायव्हर म्हणून मिरवलो. इतकी वर्षं बायकोच्या जिवावर गाडी हाकली.

जेवणं झाली. निघायची वेळ आली. शेठ पाहुण्यांबरोबर पान लावत खुर्चीत बसला होता. धोंडिबा त्याच्यासमोर गेला आणि जरा जास्तच मोठ्याने बोलला. आपला आवाज केवढा आहे हे त्याला कळत नव्हतंच.

"शेठ, ही ओरडली होती. सगळ्यांनी ऐकलं. मला ऐकू येत नाही. आज नाही, कैक वर्षं झाली. हिला ठेवा, मला काढा."

चावी त्याने शेठच्या पुढ्यात, पानाच्या तबकात ठेवली.

शेठने आधी तबकाकडे बघितलं. मग जे बोलला ते धोंडिबाला ओठांवरून कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं. "बहरे के हाथ में मैंने बस दी? मरीज बिठाके?" पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. गावातले लोकही बघत होते. धोंडिबा खाली मान घालून उभा राहिला.  शेठचं खोटं नव्हतं.

शेवटी शेठने चावी उचलून नाथाकडे टाकली. "तू चला. मेरी गाडी मैं ले जाऊंगा. बाई रहेगी." मग धोंडिबाकडे बोट करून म्हणाला, "और ये पीछे. पिन डालेगा, पत्थर लगाएगा. बस."

तर धोंडिबा पहिल्यांदाच मागे उभा राहिला. इतकी वर्षं तो पुढे सीटवर, आणि मागचं जग आरशात तळहाताएवढं. आता फियाटचं फुटकं तोंड समोर, आणि बाजूला हातभर अंतरावर भागीरथी. बँडेजचा हात छातीशी धरलेला. नाथाने बस सुरू केली.

"येऊ द्या," भागीरथी म्हणाली.

धोंडिबा दांडा धरून तिच्याकडे बघत होता. तिने श्वास भरला. मानेच्या शिरा तटतटून आल्या, चेहरा लाल झाला, पाय जमिनीत रोवले गेले. असा आवाज काढायला किती जोर लागतो ते त्याने आजवर पाहिलं नव्हतं. लांबच्या शेतातून कुणीतरी हाक मारावी तेवढंच त्याच्या कानी आलं, "थांबा."

बस जागच्या जागी थांबली.

भागीरथी दचकली. नाथाने पहिल्याच हाकेला गाडी थांबवली होती, आणि ती मात्र सवयीने पुढची हाक द्यायला तोंड उघडून उभी होती. उघडलेलं तोंड तिने हळूच मिटलं. हे धोंडिबाने पाहिलं आणि त्याला तिच्याकडे बघवेना.

तिने त्याच्या बाहीला हात लावला. "अहो," ती म्हणाली, "पिन घाला."

त्याने पिन घातली. मग खाली बसून साखळी अडकवली, आणि अडकवून झाल्यावरही तो बराच वेळ तिथेच खाली बसून राहिला.