निफाडच्या कोल्ड स्टोरेजची घरघर

मंडळी, तासाभरापूर्वी एका म्युझिक कंपनीला चक्क नाही म्हणालो. राग अजून उतरलेला नाही.

वीसेक वर्षांपूर्वी आमच्या बँडने निफाडला, ड्रमर सुनीलच्या मामांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये रॉक अल्बम रेकॉर्ड केला होता. आत द्राक्षं भरलेली, त्यामुळे मशीन बंद करता येईना. शेवटी आम्ही गिटारीच त्या मशीनच्या घरघरीच्या सुरात लावल्या!

तेव्हा नाशिकचे दुकानदार सीडी परत करायचे. "खराब आहे, नुसती घरघर येते."

आता कॉलेजची पोरं तोच अल्बम शोधून शोधून ऐकतात. म्हणून आज कंपनीचा फोन. "सर, पुन्हा काढू या. फक्त ती घरघर साफ करून टाकतो."

मी म्हणालो, "मग गिटार कुणाच्या सुरात वाजतेय, ते कळणार कसं? घरघरीसकट काढा, नाहीतर राहू द्या."

त्यांनी राहू दिलं.

सुनीलला घाबरत घाबरतच सांगितलं. तो म्हणाला, "बरं केलंस. आपल्या बँडमध्ये सुरात तेवढं ते मशीनच होतं."

कुणाकडे ती 'खराब' सीडी आहे का अजून? जपून ठेवा. साफ केलेली कधीच निघणार नाही.