परमुलखातला राजा

आमचे तात्या, माझे चुलते, खोटं बोलत नसत. कौतुक म्हणून सांगत नाही. घरात त्याचा तापच होता. सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांनाही आमच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी नसतं हे सांगून मोकळे व्हायचे, आणि आई कपाळावर हात मारून घ्यायची.

असा माणूस तंबूतल्या सिनेमात नोकरीला होता. पुण्यात बोलपट आले होते, पण बारामती-इंदापूरकडं अजून मुकी चित्रंच फिरत होती. मालकाला परदेशी इतिहासाची चित्रं स्वस्तात मिळत. राण्या, सेनापती, जिवंत जाळलेले साधू. तात्या पडद्याशेजारी काठी घेऊन उभे राहत आणि काय चाललंय ते मोठ्यानं सांगत. चित्राबरोबर आलेला इंग्रजी कागद आधी शाळेतल्या मास्तरांकडून समजून घेत. दुसऱ्या तंबूतला सांगणारा राणीच्या तोंडी लावणी घालायचा, त्याच्याकडं गर्दी जास्त. मालक कुरकुरला की तात्या म्हणायचे, "ही माणसं जगून मेल्यात. त्यांच्या नावावर आपल्या पदरचं घालायचं न्हाय."

बायकांच्या बाजूला पोत्यावर बसून मी ते ऐकलंय. पणदऱ्याहून भाजी विकायला आलेल्या बायका त्या गोऱ्या राणीसाठी डोळ्यांना पदर लावायच्या आणि विचारायच्या, "तात्या, तिची पोरं कुठं गेली पुढं?" माहीत नसलं तर ते सरळ सांगत, "ठाऊक न्हाय, बाई." म्हणूनच बाकीचं सगळं त्या बायकांना पटायचं.

मग ते राजाचं चित्र आलं. प्रजेनंच आपल्या राजाचं डोकं उडवलं, अशी परमुलखात घडलेली हकीकत. दिवस सत्याग्रहाचे. फौजदारानं शेवटचं रीळ काढून घेतलं आणि तात्यांना बजावलं, राजानं सगळ्यांना माफ केलं असं सांगायचं. चित्र थांबलं. मोकळ्या पडद्यापुढं उभे राहून तात्या म्हणाले, "पुढचं दाखवायची बंदी हाय. पर ऐका. त्याला चौकात नेला आन् त्याचं डोकं उडवलं." टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी शिपाई तात्यांना घेऊन गेला.

सोडवायला गेले माझे वडील आबा, म्हणजे तात्यांचे थोरले भाऊ, गावातली चार जुनी माणसं घेऊन. आबांनी हात जोडले. "साहेब, ह्याच्या बोलण्यावर जाऊ नका. ल्हानपणापासनं थापाड्या हाय. त्यो राजा न् त्याचं डोकं, समदं मनचं." बाकीच्यांनी माना डोलावल्या. फौजदारानं तात्यांना विचारलं, "काय रे, खरं का हे?" तात्या भावाच्या जोडलेल्या हातांकडं बघत राहिले आणि म्हणाले, "व्हय. मनचंच." त्यांना सोडून दिलं.

आबा ही हुशारी पारावर रंगवून सांगायचे. कुणाच्या मनात काळं नव्हतं, हेच माझ्या गळ्याखाली अजून उतरत नाही. पुढच्या खेळाला गोरा सेनापती घोड्यावर बसतो न बसतो तोच मागून कुणीतरी विचारलं, "तात्या, ह्यो तरी खरा का मनचा?" तंबू हसला. पणदऱ्याच्या बायकाही हसल्या, मेल्या. तात्यांनी काठी मालकाच्या हातात दिली आणि घरी आले.

पुढं ते मळ्यात वांगी-मिरचीला पाणी देत राहिले. भावाच्या ताटाला ताट लावून जेवले, भांडले कधीच नाहीत. माझं लग्न झालं, पोरं झाली. एकदा मी माहेरी आले असताना पोरं तात्यांभोवती बसली, त्या राजाची गोष्ट सांगा म्हणून. ओट्यावर आबाही होते. तात्या शांतपणे म्हणाले, "तुमच्या आज्याला इचारा. असा राजा झाला का न्हाय, त्येच सांगत्याल."

पोरं आबांकडं वळली. भावाला फौजदाराकडून सोडवून आणणारे आबा चंची उघडून सुपारी चाचपत बसले, आणि पोरं उत्तराची वाट बघत राहिली.