आईच्या ‘अहो’ला ओ

‘ताई, कॉम्प्युटर आपोआप चालू होतो हो,’ असं गिऱ्हाईक म्हणालं की मला आतून हसू येतं. म्हसळ्यात माझं रिपेअरिंगचं दुकान आहे आणि आपोआप काही होत नसतं, हे माझं ठाम मत... निदान होतं. माउसला धक्का लागतो, नाहीतर एखादं अपडेट मध्येच उठवतं. लोकांचे असले अनुभव मी चहाबरोबर ऐकते आणि कप विसळेपर्यंत विसरूनही जाते. पण हा आमच्याच घरातला, म्हणून लिहितेय.

आमचं घर श्रीवर्धनला, सुपारीच्या वाडीत. बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. तेव्हापासून त्यांची खाट ओटीवर, आणि शेजारच्या टेबलावर त्यांचा जुना कॉम्प्युटर. पूर्वी वाडीचं काम आटपलं की ते त्यावर पत्ते खेळत बसायचे. आईने जन्मात त्यांचं नाव घेतलं नाही. ती आतून ‘अहो’ म्हणायची, बाबा मान वर न करता ‘ओ’ द्यायचे आणि जागचे हलायचे मात्र नाहीत. आई जाम चिडायची.

आता आईची कंबर गेलेली. बाबांना कुशीवर वळवणंही तिला झेपेना. डॉक्टर म्हणाले, यांना काही समजत नाही, कुठेही ठेवलंत तरी यांच्या लेखी सारखंच. म्हणून अलिबागजवळच्या एका सेवाकेंद्रात मी जागा बघितली, बोलणीही केली. आई हो म्हणेना, नाही म्हणेना.

अशातच तिने मला कॉम्प्युटर बघायला सांगितला. सकाळी बाबांसाठी भजनं लावायची, मग तो आपला स्लीपमध्ये जायचा. पण मध्येच जागा होतो म्हणाली. कधी, असं विचारलं तर म्हणे, मी ह्यांना हाक मारली की! मी कपाळावर हात मारला.

माउस काढला, कीबोर्ड काढला. नेटची केबल काढली, टायमर बंद केले. करंट कमीजास्त होत असेल म्हणून वाडीतला पंपसुद्धा बंद ठेवला. माइक नाही, कॅमेरा नाही... ऐकणार कशाने? एवढ्यात आई कपबशी घेऊन आली आणि म्हणाली, ‘अहो, चहा.’ स्क्रीन उजळली.

कोणी उठवलं याची नोंद विंडोज ठेवतं. तिथे पाहिलं तर – ‘अननोन’. मग मी टाळ्या वाजवल्या, ‘बाबा’ म्हणून ओरडले, शेवटी लाज सोडून ‘अहो’सुद्धा म्हटलं. आई पदर तोंडाला लावून हसत होती. स्क्रीन काळीच. पुढच्या खेपेला पॉवर सप्लायच बदलला. तरीही तेच. आईने ‘अहो’ म्हणावं आणि त्याने उठावं. खरं सांगते, मला राग यायला लागला होता.

मग एका दुपारी सेवाकेंद्रातून फोन आला, गाडी कधी पाठवू म्हणून. मी आईला म्हटलं, आता काय ते ठरव. ती बाबांच्या उशाशी जाऊन बसली.

‘अहो,’ ती म्हणाली, ‘तुम्हाला अलिबागला ठेवायचं म्हनतायत. जाल काय?’

मी कॉम्प्युटरकडे बघत होते. काहीच झालं नाही. बाबांची नजर आढ्याला.

‘अहो...’ तिने पुन्हा हाक मारली. स्क्रीन काळीच. वाडीत सुपारीचं झाप पडलं, तेवढाच काय तो आवाज.

आईने काळ्या स्क्रीनकडे पाहिलं. मग बाबांच्या अंगावरची चादर नीट करत मला म्हणाली, ‘न्हाय म्हनतायत.’

मी फोन करून गाडी नको म्हणून सांगितलं. बाबांचं करायला गावातलीच एक बाई लावली, दुपारनंतर मी दुकान बंद करून येऊ लागले. दुसऱ्याच दिवशी आईने चहाला हाक मारली, तर कॉम्प्युटर पुन्हा उठून बसलेला.

तो का उठतो, ते मला आजही सापडलेलं नाही. पण त्या दुपारी तो उठला नाही, त्याचं काय? झोपवलेला कॉम्प्युटर झोपून राहिला, एवढंच तर झालं. त्याने तसंच राहायला हवं. यात अमानवीय काही नाही, हे मला कुणापेक्षाही जास्त कळतं... आणि तरी त्या दिवसापासून मी बाबांना विचारल्याशिवाय त्यांच्याबद्दल काहीही ठरवत नाही.