विरजण आणि मलम

बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणं हे माझं काम. पाटावर बसायचं, साडी गुडघ्यावर घ्यायची, पाय लांब करायचे आणि नडग्यांवर बाळ पालथं घालायचं. सकाळपासून घरोघर हेच. भिजलेली साडी अंगावरच वाळते. त्यातूनच कमरेला, परकराच्या नाडीखाली, गजकर्ण उठलं. गोल चट्टा, कडेला लाल आणि सारखी खाज.

आमच्या गल्लीत कुणाचं विरजण संपलं तर ते शेजारून आणतात. नाही म्हणायची रीत नाही. गजकर्णाची ट्यूब तशीच फिरायची. मेडिकलमधून ती पहिल्यांदा कुणी आणली, कुणालाच आठवत नाही. लावली की खाज जायची आणि खाज गेली की ट्यूब पुढच्या घरी. उरलेलं औषध आपल्याजवळ ठेवणं आम्हाला आपमतलबीपणा वाटायचा.

पावसाळ्यात साड्या वाळेनात. माझं गजकर्ण परत आलं, आधीपेक्षा मोठं. मी ट्यूब मागून आणायची, लावायची, परत द्यायची. एके दिवशी एका घरी पाटावर बसले, पाय लांब केले आणि पाहिलं, तर चट्टे गुडघ्याखाली उतरलेले. बाळ अजून आईच्या हातात होतं. "माझ्या अंगात कणकण हाय," म्हणून मी उठले. नंतर सगळ्याच घरी गुडघे दुखतात म्हणून सांगितलं आणि काम थांबवलं.

तेवढ्यात शिरोळला दिलेली लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आल्या आल्या म्हणाली, "आई, माझ्या बाळाला तूच न्हाऊ घालायचंस. दुसऱ्या कुणाचा हात नको." मी नुसती मान हलवली. कुणाला काही सांगायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते.

एका दुपारी मी साडी बदलताना तिनं पाहिलं.

"हे काय?"

"काय न्हाय. उष्णता."

"उष्णता अशी गोल गोल उठती व्हय?"

"लावते की ट्यूब."

"ट्यूब संगं घे. दवाखान्यात चल."

"पुरुष डॉक्टर असला तर?"

"असला तर डोळे मिटून घे!"

मोठ्या सरकारी दवाखान्यात कातडीच्या डॉक्टर बाईच निघाल्या. तरी माझी मूठ निरीवरून सुटेना. त्यांनी विचारलं, "मावशी, काम काय करता?" लेकीनं सांगितलं. "मग न्हाताना बाळंतीण लाजली, तर तिला काय म्हणता?"

"म्हणते, माझ्यापुढं कसली लाज."

"मी तरी दुसरं काय म्हणतेय?"

मग मी दाखवलं. त्यांनी ट्यूब हातात घेतली. "ही कुणी दिली?"

"शेजारणीनं."

"तिला?"

"तिच्या शेजारणीनं."

लेक हसली. डॉक्टर बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "यात बुरशीचं औषध आहे, पण सोबत स्टेरॉइडही आहे. त्यानं खाज झोपते, बुरशी तशीच राहते, वर कातडी पातळ होते. आणि थोडं लावून सोडलं की बुरशी औषधालाच निर्ढावते." त्यांनी दुसरं मलम आणि गोळ्या दिल्या. "खाज गेली तरी मी सांगेपर्यंत थांबायचं नाही. आणि ताई, तुम्ही पोटुशी आहात. तुम्हाला खाज आली तर यातलं काही मनानं घ्यायचं नाही, आधी इकडं यायचं. घरात अजून कुणाला आहे?"

"बाबा पण खाजवतात," लेक म्हणाली.

आमचे हे कागलला भट्टीवर कामाला. घरी ते उखडले. "मला कशाला? घामानं खाजतंय."

"बाबा, नातवंड मांडीवर घ्यायचं न्हाय का?"

त्यांनी गुपचूप चप्पल घातली.

सगळ्यांचे टॉवेल वेगळे झाले. कपडे गरम पाण्यात, मग उन्हात. इस्त्री आमच्याकडं लग्नाला जातानाच निघायची, ती आता परकरावर फिरू लागली. खाज तर लवकरच गेली. रोज वाटायचं, आता कशाला लावायचं? लेक रोज मलम पुढं करायची.

अशात शेजारची काकी विरजणाला वाटी घेऊन आली. "तुझं बरं झालंय की. उरलेलं मलम माझ्या सुनेला दे."

मी तिच्या वाटीत विरजण घातलं. "काकी, विरजण न्या. मलम न्हाय देणार."

"मोठी डाक्टरीण झालीस की!" विरजण घेऊन ती फणकाऱ्यानं गेली.

जन्मात मी दारात आलेल्याला नाही म्हटलं नव्हतं. दिवसभर चैन पडेना. दुसऱ्या सकाळी तिच्या उंबऱ्यावर जाऊन म्हणाले, "काकी, सुनेला पाठवा माझ्यासंगं. दवाखाना मला म्हायत हाय." एवढं लांब वाक्य मी त्या घरात कधी बोलले नव्हते. काकीनं आधी मला खालीवर बघितलं, मग सुनेला हाक मारली. पुढं आणखी दोघी आल्या. त्यातली एक तर रिक्षात बसेपर्यंत डोळे तपासायला चाललोय असंच सगळ्यांना सांगत होती.

लेकीला मुलगी झाली, तेव्हा माझं औषध संपलं नव्हतं. दुसरी बाई न्हाऊ घालायला आली. मी दारात बसून "मान धरा, कानात पाणी जाईल," असं सांगत राहिले. ती बाई वैतागली असणार. हात नुसते शिवशिवायचे.

मग एकदा डॉक्टर बाईंनी पाय उजेडात निरखून पाहिले. कातडीवर फिकट डाग तेवढे राहिले होते. "आता बंद करा," त्या म्हणाल्या. "बाळाला घ्या खुशाल. परत काही उठलं तर ट्यूब नाही, मी."

दुसऱ्या सकाळी मी पाट मांडला, पाय लांब केले. लेकीनं नात नडग्यांवर दिली आणि म्हणाली, "घे. रडली तर घाबरू नकोस, मी इथंच हाय."

नात रडली. कोमट पाण्याची धार पाठीवर पडली, तशी हळूहळू गप झाली. मग माझ्या त्या डागांवरच गाल टेकून पडून राहिली. पाणी संपलं तरी मला उठावंसं वाटेना.