पॉबजॉय म्हणजे पोपट

सेम्बावांगच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मोठ्या मंडपात, एक इंग्रज आजोबा रोज सकाळी बशीत ओतून कॉफी पिताना दिसत. गोदीतून निवृत्त होऊन ते इथेच राहिले होते. एकदा दुसरीकडे जागा नव्हती म्हणून मी त्यांच्यासमोर बसलो. माझ्या गळ्यातल्या कार्डावरचं ‘कावळे’ वाचून त्यांनी अर्थ विचारला. या आडनावावरून शाळेत मला फार चिडवत, त्यामुळे मी जरा चाचरतच सांगितला.

ते मनापासून हसले. “माझं आडनाव पॉबजॉय. जुन्या इंग्रजीत पोपट. आमचा कुणी पूर्वज भारी बडबड्या असणार. आता आमच्यात मी शेवटचा. म्हणून भेटेल त्याला अर्थ सांगून ठेवतो.”

मग नीट जमेपर्यंत त्यांनी माझं आडनाव चार वेळा म्हटलं.

हल्ली ऑफिसात कुणी आडनाव विचारलं, की अर्थ मी आपणहून सांगतो.