मफलर आणि बंद लेथ

आज सगळे सिनेमा बघून आलो. प्रार्थना उरकली, आता भाऊजींबद्दल चार ओळी लिहिल्याशिवाय वही मिटायची नाही.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. तीस वर्षं कारखान्यात लेथ, म्हणजे लोखंड गरगर फिरवून कापायचं मशीन, चालवतायत. त्यांच्या शेजारी बसून सिनेमा बघणं ही शिक्षाच. नायक कारखान्यात शिरला रे शिरला की हे सुरू : "एवढ्या पांढऱ्या शर्टात कोण कामाला येतं हो? अन् ठिणग्या बघा वहिनी, लग्नाची आतषबाजी!" घरी मी मिक्सर लावायला गेले तरी मागून हुकूम, "आधी केस बांधा." तरुणपणी त्यांच्या शेजारच्या लेथवर एकाची सैल बाही अडकली होती. हातच गेला बिचाऱ्याचा. म्हणून मी चिडवते खरी, पण केस बांधते.

गेल्या वर्षी त्यांच्याच कारखान्यात शूटिंग ठरलं. नायकामागं लेथ चालवायला खरा कामगार हवा होता, भाऊजींची निवड झाली. मग काय, स्वारी हवेत! साऱ्या नातेवाइकांना फोन. जाऊबाई म्हणाल्या, "तिथं तरी हसरा चेहरा ठेवा. घरात कधी दिसला नाही, निदान पडद्यावर बघीन." मीही देवाला विनवलं, यांचा हसरा चेहरा एकदा जाऊबाईंना दिसू दे.

शूटिंगला नायक आला तो गळ्यात लांबलचक मफलर लोंबवत. फिरत्या लेथवर ओणवं होऊन बोलायचं होतं त्याला.

"मफलर काढा, मग मशीन चालू करतो," भाऊजी म्हणाले.

"काका, ती त्याच्या आईची आठवण आहे," दिग्दर्शक म्हणाला.

"आई इथं असती तर तिनंच ओढून काढला असता!"

दिग्दर्शकानं चिडून त्यांना हटवलं आणि गोदामातल्या कारकुनाला उभं केलं. बटण दाबलं, तर मशीन ढिम्म! फ्यूज भाऊजींच्या खिशात, आणि भाऊजी कोपऱ्यात जेवणाचा डबा उघडून बसलेले. शेवटी बंद मशीनवरच शूटिंग उरकलं.

"एक मफलर सहन झाला नाही तुम्हाला!" म्हणून जाऊबाई दोन दिवस बोलल्या नाहीत.

आज पडद्यावर तो प्रसंग आला. घरघर आवाज कानठळ्या बसवणारा, मशीन मात्र फिरत नव्हतं. मागं कारकून दात काढून उभा. नायक वाकला तसं मफलरचं टोक नेमकं लोखंड धरणाऱ्या चकवर जाऊन पडलं, आणि तिथंच राहिलं. जाऊबाईंनी माझा हात घट्ट दाबला.

"बाई गं! फिरत असतं तर?"

मग त्या नवऱ्याकडे वळल्या, ओरडल्याच, "अहो, तुम्ही हसताय!"

खरंच हसत होते. पुढच्या रांगेतल्यांनीही वळून पाहिलं.

देवानं माझं अगदी शब्दशः ऐकलं. पडद्यावर दिसू दे, असं काही मी म्हणाले नव्हते.